लोह गेले जपानला

डिचोली तालुक्यात लोखंडाचा दुष्काळ पडल्याचे कधी कोणी ऐकलेले नाही. शिरगाव, मये, पिळगाव या बाजूला कुदळ मारली की लाल माती वर येते, आणि पावसाळ्यात तर ती कुदळ न मारताच घरात येते. पन्नासच्या दशकात ही माती बार्जमध्ये चढून मांडवीच्या वाटेने मुरगाव बंदरात आणि तिथून जपानला जाऊ लागली. पुढे चीनला तिची चटक लागली. 2010-11 च्या सुमारास वर्षाला चार कोटी टनांहून अधिक खनिज गोव्याबाहेर जात होते. त्याच डिचोलीत, ज्या घराच्या अंगणात दहा टनी टिपर उभा आहे त्याच घरात, आमच्या वहिनीच्या अंगात लोह नाही असा रिपोर्ट आला. तेव्हा काकांनी तो वैयक्तिक अपमान म्हणून घेतला.

काकांचे आयुष्य खनिज वाहून नेण्यात गेले. 2012 साली खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. टिपर तेव्हापासून अंगणात आहे, पण काकांच्या डोक्यातला काटा अजून चालू आहे. रिपोर्ट देताना आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सहज म्हणून सांगितले, की धडधाकट माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते. काकांनी तिथल्या तिथे खिशातले पेन काढले.

"चार ग्रॅम धरा. माझा टिपर दहा टन. माल 58 ग्रेडचा. म्हणजे निव्वळ लोखंड 5800 किलो. भागिले चार ग्रॅम."

उत्तर आले साडेचौदा लाख माणसे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार भरली होती. म्हणजे काकांच्या टिपरची एक खेप, आणि त्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या अख्ख्या गोव्याचे रक्त, स्नायू, यकृत सगळे बसवून जेमतेम आठेक हजार माणसे फळीवर लटकत राहतील. "आणि असे टिपर माझ्यासमोर दिवसाला हजार जायचे," काका म्हणाले, "आणि आमच्या सुनेला चार ग्रॅम नाही?"

नव्हते खरे. पण ते कळायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत वहिनीला आजार नव्हता, स्वभाव होता. लोह कमी असलेल्या बाईची हीच तर मोठी अडचण. तिला ताप येत नाही, अंगावर पुरळ उठत नाही, प्लॅस्टर घालावे असे काही मोडत नाही. तिच्यात फक्त खोड्या दिसायला लागतात, आणि खोड्यांचे निदान करायला घरात तज्ज्ञांची कमतरता नसते.

वहिनी पेडण्याची, दिलेली डिचोलीला. त्यामुळे निदानाला दोन तालुके उपलब्ध होते. डिचोलीचे मत असे, की पेडण्याची माणसे मुळातच संथ. पेडण्याचे मत असे, की मुलगी इथे चांगली टुणटुणीत होती, तिकडची धूळ आणि तिकडची सासू बाधली. माहेरच्या एका मावशीने तर तिला पुनवेला बाधा उतरवायला देवासमोर उभी करायचे पक्के केले होते, कारण रात्री बर्फ चावून खाणारी बाई सरळ असूच शकत नाही.

बर्फ हे पहिले प्रकरण. रात्री सगळे निजले की स्वयंपाकघरातून कडाकड आवाज यायचा. काकी उंदीर समजून झाडू घेऊन गेली, तर वहिनी फ्रीजरसमोर जमिनीवर बसून स्टीलच्या पेल्यातले बर्फाचे खडे दाढेखाली फोडत होती. चेहऱ्यावर असे समाधान, की काकीला झाडू परत ठेवताना आपणच चोरी करताना सापडल्यासारखे वाटले. पुढे पुढे वहिनी बाजारात गेली की बांगड्याकडे न बघता बांगड्याखालच्या बर्फाकडे बघायची. मासे विकणारी म्हणाली, "बाय, नुस्ते ताजे आहे गे, कशाला बर्फ उचकतेस?" वहिनी काय सांगणार?

वैद्यकशास्त्राला हे बर्फाचे वेड चांगले ठाऊक आहे. लोह घटले की काही माणसांना बर्फ, काहींना खडू, माती, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल असे काहीबाही खावेसे वाटते. यात आपल्या पूर्वजांनाही काही नवल वाटले नसते. चरकाने पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले, त्यातला पाचवा खास माती खाणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. माती खाल्ल्याने पांडुरोग, की पांडुरोगामुळे माती, हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. दोन्ही होते, असे मानायला जागा आहे, कारण काही माती पोटात गेल्यावर होते नव्हते ते लोहही धरून ठेवते. बर्फाने मात्र काही बिघडत नाही, दात सोडले तर. बर्फ चघळल्याने अशा माणसांची तल्लखी तेवढ्यापुरती वाढते, असेही एका अमेरिकन प्रयोगात दिसले होते. काकीला हे नंतर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग दिवसा खायचा होता. रात्री तल्लख होऊन कुणाचं भलं झालं?"

माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलींनी शाळेत पेन्सिली खाल्ल्या. तेव्हा कोणी रक्त तपासले नाही, नवी पेन्सिल देऊन वर एक धपाटा दिला. कच्चे तांदूळ खाणारीला तर लग्नात पाऊस पडेल अशी ताकीद असायची. गोव्यात ती ताकीद देण्यात तसा काही अर्थ नाही. इथे पाऊस कुणी काय खाल्ले ते बघून पडत नाही.

मग आली चवथ. आमच्याकडे गणपतीचा पाट आधीच चित्रशाळेत नेऊन देतात, त्यावर मूर्ती घडते. त्या वर्षी पाट द्यायला वहिनी गेली, ती परतेना. शेवटी दादा शोधायला गेला. चित्रशाळेत ओल्या चिकणमातीचे गोळे गोणपाटाखाली झाकून ठेवले होते आणि वहिनी त्यांच्यापाशी डोळे मिटून उभी होती. मूर्तिकाराला वाटले, भाविक आहे. त्याने अदबीने आणखी एक गोणपाट उचलून दाखवले. वास हुंगण्याची ही ओढसुद्धा त्याच घराण्यातली. कुणाला ओल्या मातीचा, कुणाला पेट्रोलचा, कुणाला रबराचा वास सुटत नाही. दादाचे म्हणणे असे, की पेट्रोल पंपावर ही काच खाली करते तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती. पण त्याला वाटले, भाव बघते आहे.

कानाचा मामला पेडण्यात घडला. वहिनी माहेरी गेली होती. रात्री कानात घूं-घूं आवाज येतो म्हणाली. मोपाचा विमानतळ नुकताच सुरू झालेला, 2023 चा जानेवारी. साहजिकच घरच्यांनी विमानांना जबाबदार धरले. भावाने तर पंचायतीत अर्ज द्यायचा मसुदाही तयार केला. मसुद्यात अडचण एवढीच होती, की वहिनीच्या मते विमान दर सेकंदाला एक जात होते आणि जिना चढला की वेळापत्रक दाट व्हायचे. रक्त पातळ झाले की हृदय ते जोराने फिरवते, आणि तो प्रवाह काही जणांना आपल्याच कानात ठोक्याठोक्याने ऐकू येतो, हे त्या घरात कुणाला माहीत असायचे कारण नव्हते. अर्ज दिला असता तर बिचाऱ्या पंचायतीने वहिनीच्या हृदयाला नोटीस काढली असती.

या सगळ्यात खरे युद्ध मात्र झाले ते हुमणावरून. काकीचे माशाचे हुमण हा आमच्या घराण्याचा एकमेव निर्विवाद विषय. एक दिवस वहिनी पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, आज तिखट जास्त पडलं का हो?" जेवणाऱ्यांचे हात थांबले. काकीने शांतपणे विचारले, "आज?" दुसऱ्या दिवशीही वहिनीच्या जिभेची आग झाली, तिसऱ्या दिवशी तिने भातात दूध घेतले. सासूच्या हुमणासमोर बसून सुनेने दूधभात खाणे म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला समजावणे कठीण आहे. लोह कमी पडले की जिभेवरचे बारीक काटे झडतात, ती गुळगुळीत, लालभडक होते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, आणि मिरची जिथे लागू नये तिथे लागते. पण जिभेचा रिपोर्ट येईपर्यंत काकीने मिरच्या मोजून पाच बायकांना साक्षीला बोलावून हुमण करून दाखवले होते.

पाय तर वेगळेच प्रकरण. अंथरुणाला पाठ टेकली की वहिनीच्या पायांत मुंग्यांची जत्रा भरायची. हलवले की बरे, थांबवले की पुन्हा सुरू. दशावतार बघायला बसली तर संकासुर येईपर्यंत कसेबसे तग धरायची, मग उठून मांडवाबाहेर येरझाऱ्या. काकांनी निदान केले, "हिच्या पायाला भिंगरी आहे, हिला नोकरी लावा." कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम नावाच्या स्वीडिश डॉक्टराने 1945 मध्ये या अस्वस्थ पायांवर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि मेंदूला लोह कमी पडणे हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे पुढे दिसून आले. म्हणजे दिवसा बाई जिन्यावर धापा टाकते म्हणून आळशी, आणि रात्री घरभर चालते म्हणून चंचल. दोन्ही आरोप एकाच बाईवर, एकाच दिवशी, एकाच घरात सिद्ध झाले होते.

यावर काकीचा उपाय ठरलेला होता. "एक मूल होऊ दे, सगळं सुरळीत होईल." या उपायाला युरोपात फार मोठी परंपरा आहे. 1554 साली योहान्नेस लांगे या जर्मन वैद्याने एका फिकट पडलेल्या, जिना चढताना छाती धडधडणाऱ्या, अन्नावरची वासना उडालेल्या तरुणीच्या आजारावर लिहिले, आणि औषध सुचवले लग्न. पुढची कित्येक शतके युरोपातल्या फिकट मुलींना या औषधाचा डोस मिळत राहिला. काकी लांगेच्या एक पाऊल पुढे होती, एवढेच. गंमत अशी, की एका बाळंतपणाला सुमारे एक ग्रॅम लोह खर्ची पडते, आणि बाईच्या साठ्यात 300 मिलिग्रॅम असले तरी नशीब. म्हणजे ज्याची गाडी रिझर्व्हवर चालली आहे, त्याला पेडण्याहून काणकोणला पाठवण्याचा हा सल्ला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या टॉमस सिडनमला अक्कल आली आणि त्याने लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा सरसावून बसले.

"फेणीत चालेल?"

अखेर निदान झाले ते नखावरून. वहिनी दुसऱ्याच कामाला, भाचीला लस द्यायला म्हणून आरोग्य केंद्रात गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या बोटांवर गेली. त्यांनी वहिनीचा अंगठा टेबलावर सपाट ठेवायला लावला आणि ड्रॉपरने नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. बऱ्या नखावरून थेंब घरंगळून जातो, कारण नखाला बाक असतो. वहिनीच्या नखाला उलटा बाक आला होता, मधे खोलगट आणि कडा वर. थेंब तिथे बसून राहिला. बाईंनी अंगठा जरा तिरका केला, तरी थेंब कडेपर्यंत जाऊन परत मधे आला. काका रांगेत मागे उभे होते, ते वाकून बघत म्हणाले, "पिट भरलाय." बंद खाणीत पावसाचे पाणी साचलेले त्यांनी बरेच पाहिले होते.

हिमोग्लोबिन आले 9.2. बाईच्या बाबतीत 12 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. आपल्याकडे हा आकडा गुणपत्रिकेसारखा वाचतात, आणि 12 मिळाले की पास म्हणून पेढे वाटतात. पण हिमोग्लोबिन ही फक्त रस्त्यावर धावणारी गाडी. माल संपत आला तरी गाड्या काही दिवस धावतच असतात. खरा साठा दाखवते ते फेरिटिन, आणि ते आधी आटते. त्यामुळे हिमोग्लोबिन पास असूनही केस गळणारे, पाय हलवणारे, बर्फ चावणारे लोक गावोगाव आहेत. काकांना हे चटकन पटले. "म्हणजे जेटीवरचा स्टॅक," ते म्हणाले. वहिनीचे फेरिटिन 6 निघाले. पंधराच्या खाली गेले म्हणजे साठ्याने तळ गाठला असे धरतात. काकांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"ग्रेड सहा? चीनसुद्धा उचलणार नाही."

वहिनी एकटी नाही, हे डॉक्टरीणबाईंनी समजावले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या गोव्यातल्या 39 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा 31 होता. देशाचा 57. काकांनी यातले एवढेच ऐकले, की आपण देशापेक्षा पुढे आहोत.

"पण बाई, आमच्या पाण्यात लोखंड, धुळीत लोखंड, कपड्यांवरच्या डागांतही लोखंड. तीन पिढ्या धूळ खाल्ली. ती गेली कुठे?"

बाई म्हणाल्या, खनिजातले लोह हे गंज चढलेले लोह. आपले आतडे त्याला जवळजवळ उभेच करून घेत नाही. शिवाय बाईच्या अंगातून दर महिन्याला लोह जाते, आणि ताटात जे येते त्यातला जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतो. काका बराच वेळ गप्प होते. आयुष्यभर हलका माल परत पाठवणारा खरेदीदार त्यांनी पाहिला होता, पण आतडे इतके कडक असेल असे त्यांना वाटले नव्हते.

मग सुरू झाला रक्त वाढवण्याचा घरगुती कार्यक्रम. आपल्याकडचा सिद्धांत सोपा आहे, लाल खा, लाल होईल. बीट आले, डाळिंब आले, कलिंगड आले, कोकमाचे सरबत आले. बिटात लोह यथातथाच असते. पण बिटाचा एक गुण मात्र आहे, आणि तो नेमका लोह कमी असणाऱ्यांतच जास्त दिसतो. लघवी लाल होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून वहिनीची किंकाळी आली आणि काकीने, होते नव्हते ते रक्तही गेले म्हणून, देवाला नारळ बोलला.

खरे लोह ज्यात होते ते घरात आधीपासून होते. तिसऱ्या, खुबे, शिणाणे यांत आतड्याला आवडणारे लोह असते. अळसांदे, तांबडी भाजी, नाचण्याचे तिझन यांतही असते, त्यांच्याबरोबर लिंबू किंवा पेरू असला तर ते जास्त अंगी लागते. आणि हे सगळे जेवून आम्ही वर चहा पीत होतो. चहातली तुरट द्रव्ये जेवणातल्या लोहाला गाठून निम्म्याहून अधिक बाहेरचा रस्ता दाखवतात. वहिनी तर सकाळची लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि काकीने दिलेले चाटण एकाच मुठीत घेऊन चहाच्या घोटाबरोबर खाली ढकलत होती. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी गोळी चहापासून लांब आणि एक दिवसाआड घ्यायला सांगितली. रोज घेतली की शरीर दार आवळून बसते, दिवसाआड घेतली की थोडे किलकिले ठेवते, असे अलीकडे दिसून आले आहे. पोट बांधले जाईल आणि शौचाला काळे होईल, त्याला घाबरू नका, हेही बजावले.

"मलाही लिहून द्या," काका म्हणाले.

"तुम्ही आधी रक्त तपासा. पुरुषाला लोह कमी पडलं तर पोटात कुठे रक्त जातंय का ते बघावं लागतं. आणि कमी नसताना घेतलं तर ते आत साठत राहतं, बाहेर काढायची सोय शरीरात नाही."

काकांचे हिमोग्लोबिन 15 आले. त्यांनी तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. एक्स्पोर्ट क्वालिटी.

बर्फ सगळ्यात आधी सुटला. पंधरवड्यात फ्रीजरचा ट्रे भरलेला दिसायला लागला आणि काकी रात्री उगीच जागी राहू लागली. मग जीभ सुधारली. एका दुपारी वहिनीने हुमण दुसऱ्यांदा वाढून घेतले. काकीने तोंड फिरवून, मिरची नाकात गेली, असे सांगितले. विमाने थांबली. पाय थांबले. आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी वहिनी पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "हा माळा शेवटचा कधी काढला होता?"

माळा निघाला. गोवा मुक्तीच्या आधीचे पितळी दिवे, फुटके रांजण, काकांच्या जुन्या लॉगबुकांचा गठ्ठा, सगळे अंगणात आले. मग भिंती रंगल्या, परसात तांबड्या भाजीचे वाफे झाले, आणि जेवणानंतरचा चहा दीड तास पुढे ढकलण्यात आला. सगळ्यांचाच, म्हणजे 15 हिमोग्लोबिनवाल्यांचासुद्धा. काका डिचोली बसस्टँडवर जाऊन लपून चहा पिऊ लागले. तिथल्या हॉटेलवाल्यालाही वहिनीचा फोन गेल्याचे कळले, तेव्हा ते सरळ आरोग्य केंद्रात गेले.

"बाई, सुनेच्या गोळ्या कधी बंद करायच्या?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "छान. हिमोग्लोबिन साडेबारा झालंय. पण साठा रिकामाच आहे हं. अजून तीन महिने द्याव्या लागतील."

काका खुर्चीत बसले. "म्हणजे," त्यांनी हळूच विचारले, "ही अजून भरलीच नाही?"